विश्लेषण : बोट बरोबर, फॉर्म चूक! कोडमधला ‘एनी’ कोणाला महागात पडतो?

वर्धा तालुक्यातील आंजी (मोठी) या गावाच्या नावातच कंस आहे. महसुली दप्तरात एकाच नावाची अनेक गावे असतात. म्हणून कुठे बुद्रुक-खुर्द, कुठे मोठी-लहान असे काहीतरी नावाला जोडावे लागते. वर्ध्याच्या बसस्थानकावर नुसते ‘आंजी’ म्हटले तरी भागते. दप्तरात भागत नाही. तिथे कंस गाळला, तर कोणाची जमीन कोणत्या गावात गेली, याचा शोध घेत फिरावे लागते.

संकेतस्थळे आणि ॲप तयार करणाऱ्यांच्या रोजच्या कामातही असाच एक कंस असतो. फोनच्या पडद्यावर बोट टेकले की पुढे काय करायचे, हे सांगणाऱ्या कोडच्या तुकड्यात तो असतो. त्या कंसात ‘आत नेमके काय येणार आहे’ हे लिहायचे, की ‘काहीही येऊ दे’ म्हणून पुढे जायचे, एवढाच प्रश्न. प्रोग्रामरांच्या जगात हा वाद जुना आणि काहीसा कंटाळवाणा समजला जातो. पण शेतकऱ्याची कामे फोनवर आल्यापासून तो त्यांचा घरगुती वाद राहिलेला नाही.

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पूर्वी तलाठी करत असे ती पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हातातील फोनवर आली. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी ठेवली. वर्धा जिल्हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. अशा ठिकाणी एखादा फॉर्म शेवटच्या दिवशी अडला, तर नुसता वैताग होत नाही, मुदत जाते. आणि फॉर्म अडला की पडद्यावर बहुधा एकच वाक्य येते : ‘कृपया योग्य माहिती भरा.’ माहिती योग्यच असते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पुढची उदाहरणे कोणत्याही एका ॲपची नाहीत. कोणत्याही फॉर्मच्या कोडमध्ये होऊ शकतात, अशा चुकांची ती आहेत.

इव्हेंट हँडलर म्हणजे नेमके काय?

पडद्यावर बटण दाबले, यादीतून गाव निवडले, चौकटीत आकडा लिहिला, की ब्राउझर त्या घटनेचा एक छोटा पंचनामा तयार करतो. काय घडले, कुठे घडले, कोणत्या चौकटीत घडले, कधी घडले. या पंचनाम्याला ‘इव्हेंट’ म्हणतात. तो ज्या कोडच्या तुकड्याच्या हाती दिला जातो, तो ‘इव्हेंट हँडलर’. आणि हँडलरच्या कंसात त्या पंचनाम्यासाठी जे नाव ठेवलेले असते, तो त्याचा ‘पॅरामीटर’.

सगळे पंचनामे सारखे नसतात. माउसच्या क्लिकमध्ये पडद्यावरची जागा सरळ लिहिलेली असते. बोटाच्या स्पर्शात ती तशी नसते, कारण एकाच वेळी दोन-तीन बोटे टेकलेली असू शकतात. म्हणून तिथे स्पर्शांची यादी येते आणि प्रत्येक स्पर्शाची जागा त्या यादीत शोधावी लागते. कळ दाबल्याच्या पंचनाम्यात कळीचे नाव असते. यादीतून गाव निवडले, तर यातले काहीच नसते.

ब्राउझरची मूळ भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. या भाषेला कंसात काय येणार, याची फिकीर नाही. पंचनाम्यात नसलेली गोष्ट मागितली तरी ती ‘नाही’ म्हणत नाही. ‘अनडिफाइन्ड’ नावाचा रिकामा शेरा हातात ठेवते आणि काम पुढे चालू. त्या शेऱ्याशी गणित केले की ‘नॅन’ तयार होते, म्हणजे ‘ही संख्या नाही’. तेही बिनबोभाट पुढे जाते. चूक एका ठिकाणी होते आणि आरडाओरडा तीन पडदे पलीकडे होतो, किंवा होतच नाही.

मग टाइपस्क्रिप्ट आल्यावर काय बदलले?

ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट जाहीर केली. टर्बो पास्कल आणि सी-शार्प या भाषांमागचे अँडर्स हेल्सबर्ग हेच याही कामाचे प्रमुख. कल्पना साधी आहे. जावास्क्रिप्टच लिहायची, पण प्रत्येक नावापुढे दोन टिंबे देऊन त्याचा प्रकार, म्हणजे ‘टाइप’, सांगायचा. कंसात नुसते ‘इव्हेंट’ न लिहिता ‘इव्हेंट : टचइव्हेंट’ लिहायचे. कोड लोकांपर्यंत जाण्याआधी कंपायलर तो तपासतो आणि न जुळणाऱ्या गोष्टी दाखवतो. तपासणी संपली की हे सगळे प्रकार पुसले जातात. फोनवर साधी जावास्क्रिप्टच पोहोचते. त्यामुळे सक्तीमुळे स्वस्तातला फोन मंद चालेल, ही भीती निराधार आहे. सक्तीचा सगळा भार कोड लिहिणाऱ्याच्या टेबलावर पडतो. तो तिथेच पडायला हवा.

गूगलचे अँग्युलर हे फ्रेमवर्क पूर्णपणे टाइपस्क्रिप्टवर उभे आहे आणि सक्तीच्या बाबतीत ते एकेक पायरी चढत गेले. २०२० च्या नवव्या आवृत्तीत पडद्याच्या साच्याचीही, म्हणजे टेम्प्लेटची, कडक तपासणी शक्य झाली. मे २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून नवा प्रकल्प सुरू केला की सक्ती आपोआप चालू असते. या सक्तीत एक स्वतंत्र कळ आहे, ब्राउझरच्या इव्हेंटचे प्रकार तपासणारी. ती बंद असेल, तर टेम्प्लेटमधून येणारा प्रत्येक पंचनामा ‘एनी’ समजला जातो. एनी म्हणजे काहीही. एक कळ बंद केली आणि पहारा उठला.

कळ चालू असली तरी पळवाट उरतेच, आणि खरी गोम तिथेच आहे. सक्त टाइपस्क्रिप्टमध्ये पॅरामीटरचा प्रकार लिहिलाच नाही आणि संदर्भावरूनही तो कळत नसेल, तर कंपायलर अडवतो : ‘याचा प्रकार गुपचूप एनी झाला आहे.’ प्रोग्रामर काय करतो? दोन टिंबे देऊन स्वतःच ‘एनी’ लिहितो. कंपायलर गप्प. गुपचूप एनी चालत नाही, उघड एनी चालतो. ही म्हणजे कोऱ्या कागदावर घेतलेली सही झाली. वर मजकूर काय येईल ते नंतर बघू. ‘आमचा प्रकल्प स्ट्रिक्ट आहे’ असे सांगणाऱ्याच्या कोडमध्ये असे किती कोरे कागद आहेत, हे त्या एका शब्दावरून कळत नाही.

कोऱ्या कागदाची किंमत कशी मोजली जाते?

पहिले उदाहरण बोटाचे. नकाशावर शेताची खूण सरकवायची आहे, किंवा चौकटीत बोटाने सही करायची आहे. प्रोग्रामरने काम कार्यालयातील संगणकावर केले, माउसने तपासले, छान चालले. मग फोनसाठी तोच हँडलर स्पर्शाच्या इव्हेंटलाही जोडून दिला. स्पर्शाच्या पंचनाम्यात जागा सरळ लिहिलेली नसते. हँडलर ती मागतो, त्याला रिकामा शेरा मिळतो आणि खूण हलतच नाही. कंसात ‘माउसइव्हेंट’ लिहिले असते, तर हा जोड देतानाच कंपायलरने लाल रेघ मारली असती. ‘एनी’ लिहिला म्हणून ती चूक थेट फोनपर्यंत आली. कार्यालयात कोणाला दिसली नाही, कारण तिथे सगळ्यांकडे माउस होता.

दुसरे बटणाचे. ‘जमा करा’ या अक्षरांशेजारी बाणाचे छोटे चित्र आहे. अक्षरांवर बोट टेकले की फॉर्म जातो. चित्रावर टेकले की काहीच होत नाही. वापरणाऱ्याला वाटते नेटवर्क गेले. प्रत्यक्षात पंचनाम्यात दोन वेगळ्या नोंदी असतात : बोट नेमके कशावर पडले ती ‘टार्गेट’, आणि हँडलर कशाला जोडलेला आहे ती ‘करंट टार्गेट’. चित्रावर बोट पडले, तर टार्गेट हे चित्र असते, बटण नव्हे. बटणावर ठेवलेली माहिती चित्राकडे मागितली, तर ती कुठून मिळणार? म्हणूनच टाइपस्क्रिप्ट ‘टार्गेट’ला ‘ही चौकट आहे’ असे कधीच मानत नाही. ‘हे काहीतरी आहे, कदाचित काहीच नाही’ असे म्हणते. नव्या प्रोग्रामरांचा सर्वाधिक राग या एका गोष्टीवर असतो. समोर चौकट दिसत असताना कंपायलर ‘कदाचित नल असेल’ म्हणून का अडतो? पण तो खोडी काढत नसतो. प्रोग्रामरला जे ठाऊक असल्यासारखे वाटते, ते पंचनाम्यात लिहिलेले नाही, एवढेच तो सांगत असतो.

तिसरे उदाहरण सगळ्यात वाईट, कारण त्यात फॉर्म अडत नाही. समजा, एका शेतकऱ्याचे दोन गट आहेत, एक ०.८० हेक्टर आणि दुसरा १.२० हेक्टर. एकूण दोन हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर. दोन चौकटींत आकडे लिहिले. चौकटीतून हँडलरच्या हाती येते ते नेहमी अक्षर असते, आकडा नव्हे. चौकट ‘नंबर’ प्रकारची असली तरी तिची ‘व्हॅल्यू’ अक्षरेच देते. जावास्क्रिप्टमध्ये दोन अक्षरमाळांची बेरीज केली की त्या एकापुढे एक चिकटतात : ०.८०१.२०. नंतर कोणीतरी त्याचा आकडा करायला गेले, तर रूपांतर करणारी सोय दुसऱ्या टिंबापाशी थांबते आणि ०.८०१ हातात देते. दोन हेक्टरचे पाऊण हेक्टरच्या आसपास झाले, पाच एकरांचे दोन एकर झाले. लाल अक्षरे नाहीत, सूचना नाही, पोच मिळाली. अतिवृष्टीची मदत हेक्टरी दराने ठरते. तीन एकर कुठे गेले, हे पैसे खात्यात आल्यावर कळायचे, तेही कोणी हिशेब करून पाहिला तर.

इथे पॅरामीटर ‘एनी’ असेल, तर त्यातून निघणारी प्रत्येक गोष्ट ‘एनी’ होते. चौकट एनी, तिची व्हॅल्यू एनी, बेरीज एनी. हा रोग पसरणारा आहे. कंसात प्रकार नीट लिहिला असता, तर ‘अक्षरमाळ आकड्याच्या जागी ठेवता येणार नाही’ या एका ओळीवर प्रकरण मिटले असते.

सक्तीविरुद्धचा आक्षेप खोटा आहे का?

नाही. कंपायलरच्या सूचना लांबलचक आणि इंग्रजीत असतात. नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले, चार जणांच्या कंपनीत तीन जणांचे काम एकट्याने करणारे पोर रात्री अकरा वाजता ती सूचना वाचते, तेव्हा त्याला सकाळचा डेमो दिसत असतो. ‘एनी’ लिहिणे हा त्या क्षणी आळस नसतो, सुटका असते. शिवाय स्वतः अँग्युलरचे हात तरी कुठे स्वच्छ होते? त्याच्या फॉर्मच्या यंत्रणेतून येणारी मूल्ये कित्येक वर्षे ‘एनी’च होती. लोकांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यावर जून २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीत टाइप असलेले फॉर्म आले. मात्र तेव्हा केलेली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जुना कोड मोडू नये म्हणून त्यातील फॉर्मच्या नावांना ‘अनटाइप्ड’ हे उपपद आपोआप जोडले गेले. कर्ज फिटले नाही, पण खातेवहीत नाव घालून लिहिले गेले.

सुटकेचे मार्गही सगळे सारखे नाहीत. ‘एनी’ हा कोरा कागद. ‘ॲज’ लिहून ‘ही चौकटच आहे’ असे सांगणे म्हणजे प्रतिज्ञापत्र. पुरावा नाही, पण निदान काय शपथ घेतली ते लिहिलेले आहे. ‘इन्स्टन्स ऑफ’ वापरून आधी खात्री करून घेणे म्हणजे मूळ कागद पाहून नोंद घेणे. काय येईल ते खरोखरच माहीत नसेल, तर २०१८ पासून टाइपस्क्रिप्टमध्ये ‘अननोन’ हा प्रामाणिक प्रकार आहे. ‘मला माहीत नाही’ असे तो म्हणतो आणि तपासल्याशिवाय आतल्या वस्तूला हात लावू देत नाही. एनी आणि अननोन यांतला फरक ‘काहीही चालेल’ आणि ‘आधी पाहू’ यांतला आहे. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, एवढाच त्रास.

टाइप लिहिले की सगळे सुरळीत?

असे सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो. गट क्रमांकाला आपण ‘क्रमांक’ म्हणतो, पण ‘४५/२’ हा आकडा नव्हे. कोणी त्याला पूर्णांक मानून रूपांतर केले, तर ४५ उरतो आणि पोटहिस्सा गळून पडतो. कंपायलरची तक्रार नसते, कारण अक्षरमाळेचा आकडा करणे नियमात बसते. बँक खात्याचेही तेच. आकडा केला की सुरुवातीची शून्ये जातात, आणि जावास्क्रिप्ट पूर्णांक खात्रीने सांभाळते ते सोळा अंकी ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच. त्याहून लांब खाते क्रमांकाचा शेवटचा अंक बदलू शकतो. कोणती गोष्ट आकडा आहे आणि कोणती फक्त आकड्यांनी लिहिलेली खूण आहे, हे ठरवायला सातबारा हातात घेतलेला माणूसच लागतो.

मराठीचा प्रश्न तर आणखी वेगळा. फोनवर मराठी कीबोर्ड असेल आणि शेतकऱ्याने क्षेत्र देवनागरी अंकांत लिहिले, तर जावास्क्रिप्टचे नेहमीचे रूपांतर त्याला संख्या मानतच नाही. १.२० चे उत्तर ‘नॅन’. प्रकार बरोबर, अक्षरमाळ बरोबर, मराठी बरोबर, तरी फॉर्म म्हणतो योग्य माहिती भरा. हँडलरमध्ये देवनागरी अंक आधी बदलून घेणारी एक छोटी ओळ टाकली की काम होते, पण ती टाकायला हवी हे सुचावे लागते. अँड्रॉइडवर कळ दाबल्याच्या इव्हेंटवर विसंबून ‘फक्त अंकच येऊ दे’ असा पहारा बसवणारेही असेच फसतात. पडद्यावरचा कीबोर्ड अनेकदा कळीचे नाव सांगतच नाही. पंचनाम्यात ‘अनआयडेंटिफाइड’ एवढेच येते. टाइप म्हणतो इथे अक्षरमाळ असेल. अक्षरमाळ असतेच, फक्त तिच्यात अर्थ नसतो.

म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात आणण्याची किमया टाइपमध्ये नाही. पण आडात असलेले पोहऱ्यातून सांडू नये, एवढे काम तो चोख करतो, आणि ते कमी नाही. वरच्या स्पर्शाच्या आणि बेरजेच्या चुका माणसाच्या हुशारीशिवाय, दर वेळी, फुकटात पकडता येतात. पकडता येणारी चूक न पकडता लोकांच्या हाती द्यायची आणि वर त्यांनाच ‘योग्य माहिती’चा उपदेश करायचा, याला तांत्रिक अडचण म्हणता येत नाही.

हे मागायचे कोणी?

सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. २००९ मध्ये ती पहिल्यांदा आली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. अपंग व्यक्तींना वापरता येणे, भाषा, सुरक्षा यांवर त्यांत भर आहे, आणि संकेतस्थळ सुरू करण्याआधी सुरक्षा तपासणी करून घेण्याची पद्धत रुळलेली आहे. निविदेत ‘मोबाइलवर चालेल असे’ हेही लिहिलेले असते. हँडलरच्या कंसात काय लिहिले आहे, हे मात्र विचारले जात नाही. विचारायला तज्ज्ञ समिती लागत नाही. टाइपस्क्रिप्टच्या कोडमध्ये उघड ‘एनी’ला मनाई करणारा तयार नियम मोफत तपासणी-साधनांत आहे, तो चालू केला की कोड तपासताना यादी समोर येते. जुन्या प्रकल्पात ती लांब असेल. असू दे. एका दिवसात शून्य करण्याचा हट्ट धरला, तर लोक ‘एनी’ काढून खोटे ‘ॲज’ लिहितील, आणि कोऱ्या कागदाऐवजी खोटी प्रतिज्ञापत्रे गोळा होतील. आधी पैसे, क्षेत्र, खाते आणि मुदत यांना हात लावणारे हँडलर घ्यावेत. रंग बदलणाऱ्या बटणाचे नंतर पाहता येईल.

यादीबरोबर आणखी एक चाचणी लागते, आणि ती कार्यालयातील माउसवर होत नाही. बेताचा अँड्रॉइड फोन, मराठी कीबोर्ड, देवनागरी अंक, दोन गट, त्यातला एक तिरक्या रेघेचा, आणि बटणावरच्या चित्रावरच नेमके पडणारे बोट. वर्ध्याच्या उन्हात पडदा दिसत नाही, ही तक्रार तिथे आणखी एक म्हणून जोडता येईल. असा फोन आंजी (मोठी)त कोणाच्याही खिशात सापडेल. तो घेऊन फॉर्म एकदा भरून पाहायचा आहे, कापसाच्या नोंदणीची तारीख जाहीर होण्याच्या आधी.